रूथबाईंना न दाखवलेलं नाटक

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. आई गेली, तिलाही ठाऊक नव्हतं. ज्यांच्याबरोबर मी ते नाटक केलं त्यांच्यापैकी तर एकालाही नाही — आणि ते अजून भेटले की त्याच नाटकाचं बोलतात. मागच्या वर्षी आमच्या वझे सरांचा सत्कार झाला. व्यासपीठावर कुणीतरी मला विचारलं, तो दवाखान्याचा प्रसंग तुला सुचला कसा? मी माईक हातात घेतला आणि म्हटलं, पोलादपूरहून महाडला एसटीने येत होते, खिडकीत बसल्या बसल्या सुचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आले, जेवले, झोपले. झोप लागली — तेही सांगून टाकते.

खरं सांगायचं तर आधी नाटकाचं सांगावं लागेल. की मी मुद्दाम लांबून सुरुवात करतेय? असेलही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कॉलनीत केरळ-गोव्याकडची काही ख्रिस्ती कुटुंबं राहायची. त्यांनी आमच्या महाडच्या कॉलेजला विचारलं, नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये मराठीतलं छोटं नाटक कराल का? नाटकाच्या ग्रुपमध्ये आम्ही दहा-बारा पोरं. ख्रिस्ती कुणीच नाही. वझे सर मराठी शिकवायचे, नाटकही तेच बसवायचे. तयार नाटक शोधायला त्यांनी सरळ नकार दिला. "आपलं आपण रचू," म्हणाले. मग तास संपले की रिकाम्या वर्गातली बाकं भिंतीला लावायची. सर एक प्रसंग द्यायचे, आम्ही तो उभ्या उभ्या करून बघायचा. लिहायचं नंतर.

सुरुवातीला नुसता गोंधळ. पुठ्ठ्याचे पंख, चांदीच्या कागदाचा तारा. डोंगरातल्या एका वाडीवरून येणारी सुनंदा म्हणाली, "उंट कुठून आणायचा, सर? आमच्याकडं रेडा हाय." सगळे हसले. सर हसले नाहीत. "बरोबर बोलतेय ती," म्हणाले. "ते बाळ आपल्या इथं जन्माला यायचं असतं, तर कुठं आलं असतं?"

मुनीरचे वडील महाडात रिक्षा चालवायचे. तो म्हणाला, "रिक्षा स्टँडवर, सर. दुसरी जागा कोण देणार?"

तिथून नाटक सुरू झालं. सुनंदा डोंगरातली अवघडलेली बाई, मुनीर रिक्षावाला. तो तिला दारोदार नेतो, सगळे नाही म्हणतात, आणि शेवटी त्याच्याच घराच्या पडवीत बाळ जन्मतं. छान होतं. पण ते 'नाही' कुणालाच जमेना. आम्ही डोळे वटारायचो, दार आपटायचो, आणि सर मान हलवायचे. "हे सिनेमातले दुष्ट झाले. नाही म्हणताना माणसाच्या पोटात काय होतं, ते कुणाला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. पण मला हवं होतं. ग्रुपमध्ये मी तशी कोपऱ्यातली — प्रॉम्प्टिंग करणारी, कपड्यांच्या घड्या घालणारी. सरांनी माझ्याकडे बघून एकदा तरी "वा" म्हणावं, एवढंच मनात.

आमच्या पोलादपूरच्या आळीत रूथबाई राहायच्या. मूळच्या नगरकडच्या, नर्स म्हणून इकडे आल्या आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिल्या. लग्न केलं नव्हतं. सगळी आळी त्यांना नर्सबाई म्हणायची. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं. सरांना मीच सांगितलं, आमच्याकडे एक ख्रिस्ती बाई आहेत, त्यांना विचारून येते. मग मी रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. त्यांनी मला शुभवर्तमानातली जन्माची गोष्ट वाचून दाखवली, त्यांच्या घरी म्हणायचे ते नाताळचं गाणं शिकवलं. किती आनंद झाला होता त्यांना. आळीतलं कुणी या सणाबद्दल इतकं विचारत बसलंय, असं त्यांच्या बाबतीत बहुधा पहिल्यांदाच होत होतं.

एकदा मी त्यांना म्हटलं, आम्हाला त्या गोष्टीतली धर्मशाळेच्या दारातली माणसं जमत नाहीत. जागा नाही म्हणणारी.

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले. मग म्हणाल्या, "मी म्हटलंय गं ते. तुला सांगते, पण तुझ्यापाशीच ठेव."

नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. दूर कुठल्या तरी खेड्यातला दवाखाना. डॉक्टर रजेवर, खाटा भरलेल्या. दुपारी बैलगाडीतून एक बाई आली, कळा सुरू झालेल्या, सोबत सासू. रूथबाईंनी तपासलं. मूल आडवं होतं. "माझे हातपाय गार पडले," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून बाई गेली तर — एवढंच डोक्यात. मी म्हटलं, जागा नाही, तालुक्याला न्या. जागा होती. व्हरांड्यात चटई टाकली असती. मला भीती वाटली." संध्याकाळी तीच गाडी त्याच रस्त्याने परत आली. बाई जिवंत होती. मूल नव्हतं. सासूने दवाखान्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यांनी सुपातल्या तांदळावरून हात फिरवला आणि पुन्हा निवडायला लागल्या. मी काय केलं? मी त्यांचा हात धरायला हवा होता. मी त्यांचे हात बघत होते — थांबले कसे, फिरले कसे. सगळं लक्षात ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी उठले. म्हटलं, सर, मी करून बघू? सुनंदा समोर आली आणि मी तो प्रसंग केला. दवाखाना, नर्स, 'जागा नाही'. वर्गात कुणी हललं नाही. सुनंदाचे डोळे भरले. सर म्हणाले, "वा. कुठून आणलंस हे?"

"असंच," मी म्हटलं. "सुचलं."

पहिलं खोटं ते. निदान तेव्हाच म्हणता आलं असतं, एकीचं आहे, तिला विचारून सांगते. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या असं मला वाटत नाही. मग का नाही विचारलं? कारण मग ते माझं राहिलं नसतं.

आणि एवढ्यावर मी थांबले नाही. तालमी पुढे गेल्या तशी मला टाळ्यांची चटक लागली. घाबरलेली नर्स बघून लोक गप्प होतात, पण चिडत नाहीत. चिडायला हवेत, असं मला वाटलं. म्हणून मी तिच्या हातात चहाचा कप दिला. बाहेर बाई कण्हतेय, आणि नर्स कपातून घोट घेत, वर न बघता म्हणते, जागा नाही. कप मीच घरून नेला होता. सर म्हणाले, जरा जास्त होतंय का? मीच म्हटलं, नाही सर, अशाच असतात त्या.

अशाच असतात त्या. माझ्या भावाला जगात आणणाऱ्या बाईबद्दल मी हे म्हटलं.

रूथबाईंनी नाटकासाठी आपली नोकरीतली पांढरी साडी दिली होती. "देवदूताला लागेल," म्हणून स्वतः धुऊन, नीळ घालून. ती देवदूताला नेसवली नाही. मी नेसले.

आता पुढचं. सरांनी ठरवलं, एवढी मदत केली त्या बाईंनी, तर त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं. निमंत्रण माझ्याच हाती दिलं. मीही ते नेऊन दिलं — का, ते आजही कळत नाही. कदाचित वाटलं असेल, त्या नको म्हणतील. दर नाताळला त्या घाट चढून पाचगणीला उपासनेला जायच्या; ते चुकवायच्या नाहीत. पण निमंत्रण वाचून त्या म्हणाल्या, "यंदा वर नाही जात मी. तुमचंच बघते." नवी साडी काढून ठेवली. शेजारणीला कोंबड्यांना दाणे टाकायला सांगून ठेवलं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. त्या तयार होऊन बसल्या होत्या. केसात आबोलीचं फूल. मी दारातूनच म्हटलं, "नर्सबाई, नाटक रद्द झालं. कंपनीवाल्यांनी कार्यक्रमच काढून टाकला."

"अरेरे," त्या म्हणाल्या. "एवढी मेहनत केलीत पोरांनी." माझ्यासाठीच त्यांना वाईट वाटलं. मग घड्याळाकडे बघितलं. घाटातून वर जाणारी त्यांची गाडी केव्हाच सुटून गेली होती.

तिथून मी महाडला गेले आणि सरांना सांगितलं, नर्सबाईंना ताप आहे, येत नाहीत. पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी राहिली. नाटक फार चांगलं झालं. माझ्या प्रसंगाला हॉलमध्ये कुणीतरी मोठ्याने "छे" म्हटलं, इतकं चांगलं. शेवटी मुनीरने बाळ म्हणून गुंडाळलेली शाल उचलली, आम्ही रूथबाईंचं गाणं म्हटलं, आणि कॉलनीतल्या बायका रडल्या. मीही रडले. आनंदाने — दुसरं काही नाही.

कॉलनीवाल्यांनी केक दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सर, मुनीर आणि सुनंदा केक घेऊन पोलादपूरला उतरले ते थेट आमच्या दारात. आजारी बाईला भेटून येऊ, सणाचा दिवस आहे. मी टाळायला काय काय सांगून पाहिलं. झोपल्या असतील, म्हटलं. सर म्हणाले, पाच मिनिटं फक्त.

रूथबाई झोपल्या नव्हत्या. ओट्यावर रांगोळी होती, आत करंज्यांचा डबा. सर हात जोडून म्हणाले, "आता बरं वाटतंय ना? तापामुळे काल तुमचं राहून गेलं. फार चुकल्यासारखं झालं आम्हाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "ताप उतरला. आता बरी आहे."

मग सरांनी पिशवीतून घडी घातलेली साडी काढली. "ही तुमची. आमच्या वैशालीला काय शोभली — नर्सचं काम केलं हिने, अंगावर काटा आला." आणि सुनंदाने, मुनीरने, सगळ्यांनी मिळून त्यांना ते नाटक सांगितलं. अगदी मनापासून. दवाखाना, आडवं मूल, जागा नाही. मुनीर म्हणाला, "आणि ती बया चहा पीत बसलेली असते, नर्सबाई. लोकांना इतका राग आला." मग त्याच्या लक्षात आलं आपण कुणापुढे बोलतोय, आणि तो घाईने म्हणाला, "म्हणजे तुमच्यासारखी नाय हो ती."

रूथबाई ऐकत होत्या. साडी मांडीवर होती. मी जमिनीकडे बघत होते. मला वाटत होतं, आता बोलतील. आणि एका परीने — त्यांनी बोलावं, असंही.

त्यांनी एकच विचारलं. "आणि त्या बाईच्या मुलाचं काय होतं, तुमच्या नाटकात?"

"जगतं," सुनंदा म्हणाली. "आमच्या पडवीत. म्हणजे मुनीरच्या. मुलगा होतो."

"बरं केलंत," रूथबाई म्हणाल्या. आणि उठून सगळ्यांना करंज्या दिल्या. मलाही दिली. मी खाल्ली.

त्यानंतर मी त्यांच्या ओट्यावर गेले नाही. आळीतून जाताना पलीकडच्या बाजूने जायला लागले. त्या दिसल्या तर आधीसारख्याच मान हलवायच्या. कधी काही म्हणाल्या नाहीत — ना मला, ना आईला, ना कुणाला. ते नाटक आम्ही नंतर आणखी काही ठिकाणी केलं. एका स्पर्धेत मला अभिनयाचं बक्षीस मिळालं. आईने पेढे वाटले. नर्सबाईंच्याही घरी नेऊन दिले. "त्यांनी तुझं कौतुक केलं," असं आईने येऊन सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा भाचा त्यांना न्यायला आला. वय झालं, एकटं किती दिवस राहणार. मी परीक्षेचा पेपर देऊन महाडहून परतले आणि पोलादपूरच्या स्टँडवर उतरले, तर समोर त्या. घाटातून वर जाणारी गाडी लागली होती. भाचा टपावर ट्रंक चढवत होता. त्या खिडकीशी बसल्या होत्या, पदराने वारा घेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत. आमच्यात पन्नास पावलंसुद्धा नव्हती.

मी उसाच्या रसाच्या गुऱ्हाळामागे गेले. तिथे उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं की नाही, मला माहीत नाही. कंडक्टरने घंटी मारली, गाडी वळली आणि निघून गेली. त्या पुन्हा कधी इकडे आल्या नाहीत. नगरलाच वारल्या, असं खूप वर्षांनी कानावर आलं.

मी पिशवी उचलून घरी गेले. आई भाकऱ्या थापत होती. वर न बघताच म्हणाली, "नर्सबाई आज गेल्या गो. स्टँडवर दिसल्या असतील. भेटलीस काय?"

"भेटले," मी म्हटलं.