ओटीतला रुपया

खोटा रुपया मी आवाजावरूनच ओळखते. अमरावतीच्या सराफ्यात, नवऱ्याच्या दुकानात बसता बसता माझे केस पिकले, त्यामुळे हे सांगताना उगाच विनय दाखवावासा वाटत नाही. राणीछाप चांदीचा रुपया फरशीवर टाकला की लांब खणखणतो, बनावट असला की थप्पकन बसतो. कुणी हारातला रुपया काढून त्याची कडी घासून आणतो, कुणी सालातला एखादा आकडा कोरून नाणं दुर्मिळ करून आणतो. गिऱ्हाईक शपथा घ्यायला लागलं की मी भिंग आणखी जवळ नेते.

दिवाळीच्या तोंडावर अकोल्याहून थोरल्या बहिणीचा फोन आला. "तू ये. घरात चोरी झाली."

चोरीला गेला होता म्हणे देवघरातला रुपया. सासरी निघताना आईनं आम्हा दोघी बहिणींच्या ओटीत एकेक राणीछाप रुपया घातला होता. ताईचा रुपया दरसाल लक्ष्मीपूजनाला डबीतून बाहेर निघतो. यंदा तिच्या सुनेनं तो टूथपेस्ट लावून घासला आणि राणीच्या गालावर तांबं दिसायला लागलं. सून तेल्हाऱ्याची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, आणि आठवड्यापूर्वीच माहेरी जाऊन आलेली. ताईला तेवढं पुरलं.

"बदलून आनला तिनं. मायचा रुपया तेल्हाऱ्याले गेला," मी अकोल्याला पोचताच ती सुनेच्या देखतच मला म्हणाली.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोळे सुजलेले. "मावशी, मी फक्त घासला," एवढंच बोलली. मला ताईचा असा राग आला की मी चहाला नाही म्हणाले, आणि चहाला नाही म्हणणारी मी नव्हे.

मी रुपया फरशीवर टाकला. थप्प. पिशवीतला छोटा काटा काढला. जुना रुपया म्हणजे पुरा एक तोळा, झिजून किंचित कमी भरेल. हा दीड ग्रॅम कमी होता. कडेच्या दात्यांमधून एक बारीक रेघ गोल फिरली होती. साच्यात ओतलेल्या नाण्याला अशी रेघ राहते. वर चांदीचा मुलामा, आत तांबं. रुपया खोटा होता, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

"पाह्य! म्या म्हनलंच होतं," ताई म्हणाली.

"थांब, माझं व्हायचंय अजून." मी नाणं उलटून तिच्या हातात दिलं. मागचा मुलामा जवळजवळ नव्यासारखा होता. राणीचा चेहरा मात्र झिजून गुळगुळीत झालेला. ताई दरसाल राणी वर करूनच रुपया मांडते, तिच्यावरच हळदीकुंकू वाहते, आणि नंतर चिंच नि राख घेऊन ते कुंकू निघेपर्यंत घासते. "ही झीज एका वर्षाची नाही, ताई. इतकी वर्षं हा तूच घासलास. पोरीनं शेवटचा हात फिरवला, एवढंच. खोटा असेल, पण तो तुझ्या ओटीतलाच आहे."

सोनारानंच कान टोचावे म्हणतात, पण ताईचे कान टोचून घेणारे नाहीत. "मायनं खोटा देल्लाच नसन," ती म्हणाली. "एकाच मानसाजौळून, एकाच रोजी घेतले होते दोन्ही. तुह्या खरा हाय ना? मंग माह्या बी खराच होता."

उभ्या अमरावतीचे रुपये मी तोलले, पण स्वतःचा कधीच नाही. ओटीत आलेल्या वस्तूला काटा लावायचा नाही, अशी आमच्या माहेरची रीत. आईनं दिलं ते दिलं, त्याचं वजन करायचं नसतं. ताईनं मला बरोबर त्या रीतीपाशी आणून उभं केलं होतं.

घरी परतले ती थेट देवघरापुढे बसले. माझा रुपया खरा निघाला असता तर त्या पोरीच्या कपाळी चोरीचा डाग कायमचा बसला असता. जन्मात पहिल्यांदाच, रुपया खोटा निघू दे म्हणून मी देवाला हात जोडले. मग आईची माफी मागितली आणि रुपया काट्यावर ठेवला.

दीड ग्रॅम कमी. कडेला तीच रेघ.

मला रडू आलं. कितीतरी महिने तूप विकून, स्वतःच्या अंगावर धड लुगडं न घेता आईनं ते दोन रुपये घेतले होते, आणि कुणीतरी तिला फसवलं होतं. बिचारीला ते कधी कळलंही नाही. तरी पदरानं डोळे पुसताना मला हायसंही वाटत होतं.

मी ताईला फोन लावला. "माझाही खोटाच."

ती हळूच म्हणाली, "म्हंजे मायनं दोघीईले सारखाच देल्ला."

फोन तिनं ठेवला नव्हता. तिनं सुनेला हाक मारलेली मला ऐकू आली. "इकडे ये वं पोरी. माह्यं चुकलं. हा रुपया माह्या मायचाच हाय. आता तूच ठेव त्याले पूजेत." आणि जरा थांबून, "चिंचेनं धूत जा मातर. हलक्या हातानं."