पायरीवरचे बूट

आदर आपण बहुधा मस्तकाशी जोडतो. मान लववतो, हात जोडतो, स्तुतीचे शब्द योजतो. मला मात्र वाटते, आदराचे खरे वसतिस्थान पावलांत असावे. परक्याच्या उंबरठ्याशी येताच ज्याची पावले आपोआप मंदावतात, त्याला आदर कुणी शिकवावा लागत नाही. गुरुनाथ केळशीकर हे अशा मंद पावलांचे गृहस्थ होते.

ॲन आर्बर या अमेरिकी शहरात ते आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहत. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे मापे तपासली. कारखान्याने एकदा त्यांना कामासाठी इटलीतल्या तोरीनोला पाठवले. रविवारी जवळच्या गावात भटकताना एक जुने चर्च दिसले, आणि आजोळच्या देवळात शिरावे तसे ते बूट पायरीवर काढून आत गेले. शतकानुशतके टेकलेल्या गुडघ्यांनी गुळगुळीत झालेली ती शीतल फरशी तळव्यांना लागली, आणि इटलीचा ध्यास त्यांना तिथेच जडला. पुढे ते दर एक-दोन वर्षांनी सप्टेंबरात जात. मोठ्या शहरांतली कॅथेड्रल्स त्यांनी पाहिली. पण मन रमे ते द्राक्षमळ्यांच्या कडेच्या, किल्ली शेजारच्या घरी ठेवलेल्या लहानशा चर्चमध्ये. तिथे अनवाणी चालत दारापासून वेदीपर्यंतची पावले मोजायची आणि वहीत लिहायची, हा नेम. टेप का नेत नाही, असे मी एकदा विचारले होते. म्हणाले, "टेप कारखान्याची. हे माप माझ्यापुरतं."

हिमानीबाई, त्यांच्या पत्नी, चहा देता देता म्हणत, की घरच्या देवापुढे दोन मिनिटे बसायला यांना सवड नाही आणि तिकडच्या देवाची फरशी मात्र पायांनी पुसून येतात. गुरुनाथ हसत. खिडकीबाहेर बर्फ पडत असे, आणि त्यांच्या बोलण्यात ऑलिव्हची झाडे उन्हात चमकत असत.

मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला. दृष्टीच्या मध्यभागी धुके उतरले. भरपूर उजेडात असेल तेवढेच दिसे, आणि तेही वर्षभर टिकले तर नशीब, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांची एकच इच्छा उरली होती. उंब्रियातल्या एका टेकडीवरच्या चर्चमध्ये वेदीमागच्या भिंतीवर एक चित्र आहे: मेरीला शुभवार्ता सांगणारा देवदूत. दोनदा जाऊनही अंधारात त्यांना केवळ छायाच दिसल्या होत्या. चित्र दिसेल तेव्हाच या चर्चचे नाव वहीत लिहायचे, असे त्यांनी ठरवले होते. चर्चचे दार पश्चिमेला, दारावर गोल गवाक्ष. गुरुनाथांनी गणित मांडले: दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास मावळता सूर्य त्या गवाक्षातून सरळ चित्रावर काही क्षण पडत असला पाहिजे.

त्यांची मुलगी उर्वी हिचा जन्म इथलाच. ती रजा काढून त्यांच्याबरोबर गेली. किल्ली सांभाळणाऱ्या वृद्ध बाईंनी दार उघडून दिले आणि फोनवरच्या भाषांतरातून बजावले, की सहाला बंद. घरी स्वयंपाक पडला आहे. ऊन चित्रावर यायचे ते पावणेसातला. उर्वी विनंती करायला निघाली, तर वडिलांनी तिला थांबवले. दुसऱ्याच्या घराची वेळ आपण बदलायची नसते, असे त्यांचे म्हणणे. मग ते सवयीने बूट काढू लागले.

"बाबा, प्लीज. इट्स अ चर्च. इथे कोणी असं करत नाही," उर्वी म्हणाली.

त्यांनी बूट पायरीवर नीट जुळवून ठेवले आणि ते आत गेले. सहाची घंटा झाली तेव्हा भिंत अंधारीच होती. गुरुनाथ उठले, वेदीला नमस्कार केला आणि परत फिरले. दारात त्या बाई किल्ली घेऊन उभ्या होत्या, आणि खाली बुटांकडे पाहत होत्या. बाईंची आई नवस फेडायला याच टेकडीवर अनवाणी चढत असे. फोनपाशी हळू आवाजात त्यांनी उर्वीला विचारले, यांचा नवस कशासाठी?

नवस नव्हताच.  तरी उर्वीने स्वतःच्या डोळ्यांना बोट लावून दाखवले.

बाईंनी किल्ली एप्रनच्या खिशात टाकली, पायरीवर बुटांशेजारी बसल्या आणि हाताने गुरुनाथांना मागे जायची खूण केली.

सूर्य उतरला. उजेडाचे एक वर्तुळ बाकांवरून सरकत, फरशी ओलांडत भिंतीवर चढले. गुरुनाथ पुढे सांगत, की आधी देवदूताचे पंख उमलले, मग कमळासारखा त्याचा हात, आणि शेवटी मेरीचे वस्त्र, गोकर्णीच्या फुलासारखे निळे. तो निळा रंग आपल्याकडे चालत आला, असे त्यांना वाटले. सगळे मिळून चार-पाच मिनिटे. ती सरली तेव्हा ते फरशीवर बसलेले होते, आणि उर्वीही शेजारी, अनवाणी.

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारले, "त्या बाईंना काय सांगितलंस?"

"तुमच्या डोळ्यांसाठी नवस आहे म्हणून."

"मी तर केला नव्हता."

"मग आता करा ना."

पुढच्या हिवाळ्यात दृष्टी गेली. तरी खिडकीशी बसून ते तो निळा रंग सांगत, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरे त्याला मी अंधार म्हणू शकलो नाही.

गुरुनाथांना जाऊन या मार्चमध्ये दोन वर्षे झाली. वही उर्वीकडे आहे. तीत एकेचाळीस चर्चची पावले लिहिली आहेत. बेचाळिसाव्या नावापुढे पावले नाहीत. वेळ आहे, सहा वाजून बावन्न मिनिटे.