चिन्हाबाहेर काढलेला इंटिग्रँड

बारावीला संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, शिकवून मी एवढा दमलोय की माझ्या फळ्याखालची खडूची धूळ गोळा केली, तर गावाला आणखी एक डोंगर उभा राहील. दरवर्षी तीच चूक. संकलनाचं ते लांबुळकं चिन्ह आणि शेवटचा डीएक्स यांच्यामध्ये जे बसतं, ज्याचं संकलन करायचं, तो इंटिग्रँड. पुस्तकी मराठीत संकल्य. त्यातला ठरलेला आकडा चिन्हाबाहेर काढता येतो, बदलणारा एक्स येत नाही. पोरं काढतातच.

त्या दिवशी तास संपवून मेहुण्याच्या बेदाणा शेडवर गेलो. फौजेतून परतलेला गडी, पहिलाच बेदाणा. त्याचा थोरला भाऊ येता-जाता म्हणायचा, "तुला बंदूक कळती, द्राक्ष न्हाई."

"दाजी, उद्या झाडणी, जाळीवरचा बेदाणा झाडून खाली पाडायचा," मेहुणा छाती काढून म्हणाला. "पयले दोन दिवस नमुन्याचा ट्रे तोलला. रोज जेवढं वजन घटलं, त्याला दिवसांनी गुणलं. हिशोब बसला. बायका सांगितल्यात."

"नंतर तोललास?"

"कशाला? घटतंय की रोज तेवढंच."

मी पोत्यावर बसलो. बसलो कसला, कोसळलो. शेडचे पत्रे हलले.

"अरं, रोजचं घटणं हाच तुझा इंटिग्रँड. मण्यातलं पाणी आधी पळतं, मग रांगतं. तू त्याला ठरलेला आकडा समजून बाहेर काढलास आणि गुणून मोकळा झालास."

"आवं, हितं तरी फळा नका आणू!"

"मग मणी दाबून बघ."

त्यानं दाबला. बोटं चिकट झाली.

"बायका माघारी लावल्या तर थोरला गावभर सांगंल, दाजी."

"आणि ओला बेदाणा जाळीवरच गोळा झाला, तर जिल्हाभर सांगंल."

चौकी शत्रूच्या हवाली करावी तशा आवाजात त्यानं फोन लावला. "मावशी, उद्या नगं."

पलीकडून बायकांच्या मुकादम मावशी कडाडल्या, "मग कवा रं, फौजी? आमी काय रिकाम्या हाय व्हय?"

"आता रोज तोलतो, मग सांगतो."

झाडणी पुढच्या आठवड्यात झाली. मणी सुटे, टपटप पडले. थोरल्यानं मूठभर तोंडात टाकले, चावत उभा राहिला आणि दुसरी मूठ भरली.