पाथरीला गेलेले दात

आमचे हे सगळीकडे हजर असतात, पण तिथं असतातच असं नाही. पिंगळीला उतरायचं म्हणून रेल्वेत बसतात आणि पूर्णेला चहा पिऊन परत येतात. शेजाऱ्यांनी म्हैस मेल्याचं सांगितलं, तर हे "वा, छान झालं" म्हणाले. तेव्हापासून त्या घरचं आमच्याशी बोलणं बंद आहे.

परवा जिंतूरला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. सासरे मंगलाष्टक म्हणणार होते, नातीसाठी स्वतः रचलेलं. महिनाभर मोरीत, गच्चीवर, अगदी जेवताना घास तोंडात असतानाही घोकत होते. शब्द स्पष्ट यावेत म्हणून मुद्दाम नवी कवळी करून घेतली होती. ती हिरड्यांना टोचायची, म्हणून स्टँडच्या बाकड्यावर बसल्या बसल्या त्यांनी ती काढली, रुमालात बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"जप पोरी. कार्यात लागणार हाय."

आता आमच्या परभणीच्या स्टँडवर माणसाच्या शब्दाला एक वेळ किंमत नसेल, पण खिडकीतून सीटवर टाकलेल्या रुमालाला आहे. रुमाल पडला की सीट आपली. बस लागली. मी पिशव्या आवरायला खाली वाकले, तेवढ्यात यांनी मांडीवरचा रुमाल उचलला, खिडकीतून भिरकावला आणि दारातल्या गर्दीत घुसले. मी मान वर केली तर बसवर पाटी पाथरीची! ओरडून यांना खाली ओढलं. शेजारीच जिंतूरची उभी होती. तिच्यात घाईघाईनं चढलो.

झरी मागं पडल्यावर सासरे म्हणाले, "दात दे की. म्हणून बघतो जरा."

मी पिशव्या उपसल्या. "अहो, माझ्या मांडीवरचा रुमाल कुठाय?"

"टाकला की सीटवर," हे म्हणाले.

दात पाथरीला निघाले होते. मग मी जिंतूरपर्यंत यांना जे झोडपलं, ते बसमधल्या सगळ्यांनी मन लावून ऐकलं. कंडक्टरनं तर तिकीट फाडायचं थांबवून ऐकलं. हे खिडकीबाहेरची कपाशी बघत मधूनमधून "हं, हं" म्हणत होते. सासरे मात्र रिकाम्या हिरड्यांवरून जीभ फिरवत बसले. त्यांचा तो पडलेला चेहरा बघून मला रडूच यायला लागलं. मी म्हणाले, दुसरं कुणीतरी म्हणेल. त्यांनी जोरात मान हलवली.

आणि मांडवात मंगलाष्टक म्हणाले ते. पूर्ण म्हणाले. एक अक्षर कुणाला कळलं नाही. कडवं कुठं संपतंय याचा पत्ता नसल्यामुळे वऱ्हाडी सारख्या अक्षता टाकत राहिले. भटजींच्या तोंडात गेल्या. नवरी पदरात तोंड खुपसून गदगदत होती, ती हसत होती की रडत होती देव जाणे.

नंतर जो तो येऊन "लय भारी झालं" म्हणत होता आणि भलतीकडंच बघत होता. सासऱ्यांना ते कळत होतं. शेवटी त्यांनी मुलाला विचारलं, "कसं झालं रे?"

मी डोळे वटारले. पण हे सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाले, "नेहमीसारखंच, अण्णा. एकदम मस्त."

माझं भांडण यांच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं. दात गेल्याचाही यांना पत्ता नव्हता!

सासरे बोळकं पसरून हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाकीचे उगंच तोंडदेखलं बोलायलेत. ह्याला खोटं बोलायचंबी ध्यान राहत न्हाई."