डबल बेल

एसटीत एक बेल म्हणजे थांबा आणि दोन बेल म्हणजे चला. कंडक्टर म्हणून माझी सगळी नोकरी या दोन आवाजांत गेली, आणि रेफ्री म्हणून फुटबॉलची पहिली मॅच घेताना नेमकं तेच नडलं. बारा वर्षांखालची पोरं होती. एकाने दुसऱ्याला पाडलं आणि मी गडबडीत जोरात दोनदा शिट्टी फुंकली. खेळ थांबायला हवा होता. पण पोरं सगळी एसटीच्या पासवर शाळेत येणारी! दोन आवाज ऐकले आणि सुटली की सुसाट. गोलकीपर तेवढा शहाण्यासारखा थांबला, आणि त्याच्या बाजूने बॉल आत गेला. मग काय विचारता! गोल द्यायचा की नाही यावरून दोन्ही कोच माझ्यासमोर कोंबड्यांसारखे भांडायला लागले. मैदानाभोवतीच्या दोरीबाहेरून कोणीतरी ओरडलं, "ओ डबल बेल, गाडी सुटली तुमची!" ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच.

या भानगडीत मला ओढलं ते आमच्या सरांनी. सर म्हणजे पी.टी.चे निवृत्त शिक्षक. जिल्ह्यात मुलांच्या मॅचेसना रेफ्री नेमायचं काम त्यांच्याकडे. एकदा ते माझ्या गाडीत होते. खिडकीच्या जागेवरून दोन पॅसेंजरांची जुंपली, अगदी कॉलर धरण्यापर्यंत. मी एक बेल दिली, ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. म्हटलं, "तुमचं आटपलं की सांगा, मग निघू." आणि उभी राहिले गप्प. पॅसेंजरांना घरं गाठायची होती; त्यांनीच दोघांना असं झापलं की पुढे दोघंही मान खाली घालून बसले. उतरताना सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही रेफ्री का होत नाही?"

मी हसले. "सर, शाळेत कबड्डी खेळलेय मी. फुटबॉलचा नि माझा संबंध काय?"

"नियम काय, शिकता येतात. आत्ता केलंत ना, ते शिकवता येत नाही."

आता असं कोणी बोललं की माणूस चढणारच हरभऱ्याच्या झाडावर. मी चढले. ड्युटी बघून सकाळी भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत धावायला लागले. नवरा दारात चहा पीत विचारायचा, "ऑलिंपिकला कधी निघायचं?" पण नियमांचं पुस्तक घेऊन रोज माझी तोंडी परीक्षा घ्यायचा तोच. ऑफसाइड मला त्याने जेवणाच्या ताटात, भाताच्या मुदी मांडून समजावला. परीक्षा पास झाले तेव्हा पेढे वाटले त्याने अख्ख्या आळीत.

मैदानावर मात्र पेढे नव्हते. बसमध्ये "ताई, जरा नाक्यावर थांबवा ना" म्हणून गोड बोलणारी हीच माणसं. पोरगं मैदानात उतरलं की यांची तोंडं सुटायची. "डोळे फुटले काय गं?" "भाकऱ्या टाकायच्या सोडून इकडे कशाला कडमडलीस?" आयाही काही कमी नव्हत्या. चौदा वर्षांखालच्या एका मॅचमध्ये एकाने माझ्या आईवरून शिवी दिली, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ दोरी ओलांडून गेले आणि त्याला जे काही सुनावलं, त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण मॅच बोंबलली. लोक मैदानात घुसले, पोरं रडायला लागली आणि खेळ बंद करावा लागला.

सर ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आता एकच मॅच देतो. रत्नागिरीतली फायनल. दोरीपलीकडे पाय टाकलात किंवा मॅच पुरी झाली नाही, तर तुमची शिट्टी परत घेईन. माझाही नाइलाज आहे." त्या रात्री जेवण गेलं नाही मला. काय करून घेतलं होतं मी! शिट्टी गळ्यात घातली की मी कोणाची आई नसायचे, कोणाची सून नसायचे, कोणाला पुढे सरका म्हणायचं नसायचं. ते सोडायचं नव्हतं मला; रात्रभर नियमांचं पुस्तक वाचत बसले.

फायनल आमची रत्नागिरीची टीम विरुद्ध दापोली. लाल मातीचं मैदान, दोरीला लोक चिकटलेले. एक-एक गोल झालेला, मॅच संपत आलेली, आणि दापोलीच्या पोराने मारलेला बॉल आमच्या डिफेंडरच्या हाताला लागला. गोलसमोरच, हात चांगला पसरलेला. मी शिट्टी मारली, एकदाच, आणि पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं.

जो काही ओरडा उठला! सगळ्यांच्या वरचा आवाज होता त्या डिफेंडरच्या बापाचा. आधी डबल बेल, मग कंडक्टर, मग बाई म्हणून जे जे बोलता येतं ते सगळं. शेवटी त्याने तीच शिवी दिली. आईवरची.

माझे पाय वळले होते, खोटं कशाला सांगू? दोरी पाच-सहा पावलांवर होती. सर पलीकडे उभे राहून माझ्याकडेच बघत होते. मी बॉल उचलला, काखेत धरला आणि आमच्या कोचला बोलावून घेतलं. "ते गृहस्थ मैदानाबाहेर गेले की खेळ सुरू होईल," म्हटलं. "तोवर नाही." आणि उभी राहिले. गाडीत उभी राहते तशी.

बाप आणखी चेकाळला, "हात लागलाच नाय! आंधळी हाय ही बया!" मग मागून एक बाई म्हणाली, "ओ, जावा ना बाहेर! पोरं खोळंबलीत." दुसरा बोलला, तिसरा बोलला. तरी तो हलेना. तेव्हा त्याचा पोरगाच दोरीजवळ गेला. गुडघे लाल, डोळे भरलेले.

"बाबा, लागलेला हात माझा," तो म्हणाला. "जावा आता."

सगळ्यांनी ऐकलं. बापाचा चेहरा बघवेना. तो वळला आणि गेटबाहेर गेला. मी जाताना त्या पोराच्या पाठीवर थाप दिली, बॉल ठिपक्यावर ठेवला. दापोलीने गोल केला, आम्ही हरलो, आणि मी शेवटची शिट्टी मारली. मॅच पुरी झाली होती!

मी बूट काढत बसले होते. सर आले. मीच विचारलं, "शिट्टी परत देऊ?"

"कशाला? आपला कोच येऊन गेला आत्ता माझ्याकडे."

हरलेल्या टीमचा कोच. आता तक्रार असणार, म्हटलं. "काय म्हणाला?"

"म्हणाला, यापुढे आमच्या मॅचला हीच बाई द्या."

सरांना नुसती मान डोलावली, स्कूटीपाशी गेले, हेल्मेट चढवलं, काच खाली केली आणि आतल्या आत पोटभर रडले. रेफ्रीने रडू नये असा नियम पुस्तकात कुठेही नाही. मी नीट बघितलंय.