मायनस दोनवर छापलेले चेहरे

औरंगपुऱ्यातल्या एका कलर लॅबमध्ये मी तेरा वर्षं फोटो छापले. लग्नाचे अल्बम, बारशाचे फोटो, ओळखपत्राचे फोटो, सगळं. लोकांना वाटतं आता फोटो कॉम्प्युटरवरच होतात. पण अल्बमचा चांगला कागद अजूनही उजेडावरच छापला जातो. मशीनच्या पोटात अंधार असतो, त्या अंधारात कागदावर क्षणभर उजेड पडतो, मग कागद केमिकलमधून जातो आणि दुसऱ्या टोकाला कोरडा होऊन बाहेर येतो. त्या केमिकलचा आंबूस वास माझ्या केसांना इतका बसला होता की घरी मुलगी म्हणायची, आई, आधी आंघोळ कर.

हा कागद उजेडाशी उलटा वागतो. जास्त उजेड पडला की काळा पडतो, कमी पडला की पांढरा राहतो. म्हणून उजेड किती सोडायचा हेच खरं काम. ते मला आमच्या उस्तादांनी शिकवलं. उस्ताद म्हणजे लॅबमधले जुने प्रिंटर, सगळे त्यांना याच नावानं हाक मारायचे. रोज सकाळी मशीन तापलं की एक टेस्टची पट्टी काढायची, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे करडे चौकोन असलेली. ती मशीनलाच वाचायला द्यायची. मशीन त्यावरून आपला उजेड आपणच बराबर करून घेतं. "पट्टी बराबर आली की दिवस बराबर," उस्ताद म्हणायचे. त्यानंतर एखादा फोटो फारच काळवंडला असेल तर त्याच्यापुरतं एक बटण असतं. मायनस एक, मायनस दोन. मायनस केलं की उजेड कमी पडतो आणि फोटो उजळतो. फ्लॅश न पडलेल्या फोटोसाठी आहे ते बटण.

उस्ताद गेल्यावर मालकांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं, "ताई, लग्नाचं काम आलं की सरळ मायनस दोन ठेवायचं. विचारायचं नाय."

"फोटो नीट असला तरी?"

"नीट म्हणजे काय? गिऱ्हाइकाला पोरगी गोरी पाहिजे."

आणि मी ठेवलं. वर्षानुवर्षं ठेवलं. हे सांगताना मला माझीच शिसारी येते, पण सांगितलंच पाहिजे. मी स्वतः सावळी आहे, चांगली काळी म्हणावी अशी. माझ्यासारख्या शेकडो बायका माझ्या हाताखालून त्या मशीनमध्ये गेल्या आणि पिठात बुडवल्यासारख्या होऊन बाहेर आल्या. नाकाची कड जायची, हनुवटी गळ्यात मिसळायची, हातावरची मेंदी फिकट तपकिरी डागांसारखी दिसायची. म्हाताऱ्यांचे पांढरे केस मागच्या भिंतीत विरून जायचे. कुणी तक्रार करायचं नाही. काउंटरवर अल्बम उघडला की म्हणायचे, "साफ आलाय फोटो."

साफ. हा शब्द मी दिवसातून वीस वेळा ऐकायचे. जरा साफ काढा. पोरीचा रंग साफ दिसला पाहिजे. म्हणजे माझ्यासारखीचा रंग काय, घाण? आणि बोट मात्र बटणावर जायचं.

एका सकाळी पडेगावकडून बाप-लेक आले. बाप पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं नम्र. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. उंच, सावळी, मोठ्या कपाळाची, सरळ डोळ्यांत बघणारी. लग्नाच्या बायोडेटाला फोटो पाहिजे होता. फोटो आमच्याच स्टुडिओत काढला. छान आला होता. तो मशीनला लावताना बाप काउंटरवरून वाकला.

"ताई, जरा साफ काढा."

मुलगी म्हणाली, "पप्पा, राहू द्या ना. आहे तसा चांगलाय."

"तुला कळत नाय. तीन ठिकाणांहून नाय आलंय."

ते त्यानं हळूच म्हटलं, पण तिथं उभ्या सगळ्यांनी ऐकलं. मुलीनं मान फिरवून बाहेरच्या रिक्षांकडे पाहिलं. मी मायनस तीन दाबलं. कागद बाहेर आला तेव्हा तिचा चेहरा तांदळाच्या धुवणासारखा झाला होता. बापानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि पहिल्यांदा हसला. मुलीनं बघितलासुद्धा नाही.

दोन-तीन महिन्यांनी आमच्या मशीनचा उजेड सोडणारा भाग खराब झाला. पुण्याहून इंजिनिअर आला, नवा भाग बसवला आणि सगळं पहिल्यापासून जुळवून दिलं. टेस्टची पट्टी इतकी सुरेख आली की मला उस्तादांची आठवण झाली. मालक त्याच दिवशी नातेवाइकांकडच्या लग्नाला गेले होते, दोन दिवस येणार नव्हते. त्या दोन दिवसांत मी मायनसच्या बटणाला हात लावला नाही. फार विचार करून केलं असं नाही. चांगला फोटो मुद्दाम नासवायचा, याचा मला वीट आला होता, एवढंच.

त्यात एक साखरपुड्याचा अल्बम होता. पानं बाहेर यायला लागली तेव्हा मी ओळखलं, ही पडेगावची मुलगी. आमच्या बौद्ध घरांत लग्नाला पांढरी साडी नेसतात, हिनं साखरपुड्यालाही पांढरीच नेसली होती. मायनसवर पांढरी साडी नेहमी मरते. नक्षी जाते, निऱ्या जातात, नुसता पांढरा गोळा उरतो. या अल्बममध्ये मात्र काठावरची बारीक वेलबुट्टी धाग्याधाग्यानं दिसत होती आणि त्या पांढऱ्यावर तिचा सावळा हात असा उठून आला होता की मी एक पान हातात धरून बराच वेळ उभी राहिले. तेरा वर्षांत मी छापलेलं सगळ्यात चांगलं काम होतं ते.

अल्बम गेल्यावर चौथ्या दिवशी दुपारी मालकांनी मला काउंटरवरून हाक मारली. आवाजावरूनच कळलं काहीतरी झालंय.

काउंटरसमोर ती मुलगी, तिचा बाप आणि एक जाड चष्म्याची बाई उभे होते. ही नवऱ्यामुलाची आत्या. बोलण्यावरून शिकलेली, शाळेत नोकरी करणारी वाटली. काउंटरवर अल्बम उघडा होता आणि त्याच्यावर तो बायोडेटाचा फोटो ठेवलेला.

"ही तुमच्याच लॅबची दोन्ही कामं ना?" आत्या म्हणाली. "मग यातली खरी पोरगी कोणती?"

मालक हसले. "मॅडम, मशीन रिपेअरला होतं. अल्बम डार्क आलाय. आमची गलती. नवीन काढून देतो ना."

"तसं नाय. मला खुलासा पाहिजे." आणि मग तिनं जे केलं ते मी विसरू शकत नाही. तिनं बायोडेटाचा फोटो उचलला, मुलीची हनुवटी बोटांनी धरून चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवला आणि फोटो तिच्या गालाशी लावून बघितला. जशी आपण दुकानात ब्लाउजपीस साडीला लावून बघतो, तशी. बाप तिथंच उभा होता. त्यानं हात जोडलेले होते. कशासाठी जोडले होते त्यालाही माहीत नसावं.

मी म्हणाले, "अल्बममधली खरी आहे. बायोडेटाचा फोटो मी पांढरा केला. बटण दाबून."

मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या तोंडावर थुंकलेच.

मला वाटलं होतं, खरं बोलले की आत्याचं तोंड बंद होईल. झालं उलटंच. ती शांतपणे बापाकडे वळली. "बघा. मी म्हणत होते ते बराबरच होतं. तुम्ही फसवलंत."

"नाय ताई, फसवायचं नव्हतं," बाप म्हणाला. "सगळेच करतेत."

मुलीनं आपली हनुवटी सोडवून घेतली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "आत्या, साखरपुड्याला मी तुमच्यासमोर दोन तास बसले होते. तुम्हीच माझ्या हातात साडी दिली. तेव्हा मी दिसले नव्हते का?"

"तेव्हा मेकअप होता," आत्या म्हणाली. मग फोटो खाली ठेवून चष्मा पुसायला लागली. "हे बघ, आम्हाला तुझ्या रंगाचं काय नाय. आम्ही असल्या विचाराचे नाय. पण हा अल्बम चार घरांत फिरणार. तिकडं बायोडेटाचा फोटो सगळ्यांनी बघितलाय. आता हे दाखवलं तर लोक काय म्हणतील? एवढाच प्रश्न आहे. अल्बम त्या फोटोसारखा करून द्या."

म्हणजे मुलगी चालत होती, तिचा फोटो तेवढा चालत नव्हता. आम्ही असल्या विचाराचे नाय, हे ती कसं सहज म्हणाली. माझ्या घरात, माझ्या वस्तीत मी हेच वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलंय. माणूस माणसाला समान मानतो असं शिकून मोठे झालेले आम्ही लोक, आणि सुनेच्या गालाला फोटो लावून बघतो. दुसऱ्या कुणी केलं असतं तर एवढी किळस वाटली नसती.

मालक लगेच म्हणाले, "तासाभरात देतो."

बाप माझ्याकडे बघून म्हणाला, "काढा ताई. हात जोडतो."

आणि मी काढला. नाही म्हणायला पाहिजे होतं, पण मालक शेजारी उभे होते, बापाचे हात जोडलेले होते आणि मी मशीनपाशी जाऊन बसले. आत्या बाहेर खुर्चीवर बसून फोनवर बोलत राहिली. मुलगी मात्र आत माझ्यामागं आली.

"कोणतं बटण?" तिनं विचारलं.

मी दाखवलं.

"त्यानं काय होतं?"

"उजेड कमी पडतो."

"उजेड कमी केल्यावर मी गोरी होते?" ती म्हणाली. तिला हसू आलं असावं, पण चेहऱ्यावर आलं नाही.

एकेक पान बाहेर पडत गेलं. तिनं सगळी चोवीस पानं उभ्यानं बघितली. साडीचे काठ गेले. एका फोटोत तिनं आईला मिठी मारली होती, त्यात आईचं पांढरं लुगडं आणि हिची साडी एक झाली आणि मध्ये दोन डोकी तेवढी तरंगत राहिली. आणखी एका पानावर तिच्या बोटात अंगठी घालतानाचा हात होता. मुलाचा हात आणि तिचा हात आता एकाच रंगाचे दिसत होते, उकडलेल्या बटाट्यासारखे. ते पान मी तिच्याकडे द्यायला गेले तर तिनं हात मागं घेतला. काउंटरवरच्या पहिल्या अल्बममधलं तेच पान तिनं जाऊन उचकटून काढलं, गुंडाळलं आणि पर्समध्ये ठेवलं. कुणाला विचारलं नाही.

दहा-बारा दिवसांनी बाप एकटाच आला. आभार मानायला नाही.

"मोडलं," तो म्हणाला. "तिनंच मोडलं. तिकडून तर व्हय म्हणत होते. तुम्ही त्या दिवशी गप बसल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्याची दया यायला पाहिजे होती, पण तेव्हा आली नाही. लेकीची हनुवटी दुसऱ्याच्या बोटांत बघून हात जोडणारा माणूस, एवढंच मला दिसत होतं. नंतर घरी गेल्यावर वाटलं, तीन ठिकाणांहून नकार पचवलेल्या बापाला मी कोण नावं ठेवणारी? बटण तर माझ्याच बोटाखाली होतं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं की ज्याचा चेहरा आहे त्यानं स्वतः मागितल्याशिवाय मी मायनस करणार नाही. त्यांनी वाद घातला नाही. "ताई, तुम्ही बाइंडिंगला बसा," म्हणाले आणि मशीनवर दुसऱ्याला बसवलं. आता तर नवं सॉफ्टवेअर आलंय, ते चेहरा ओळखून आपोआपच उजळवतं. मी अल्बमची पानं चिकटवते, कव्हर लावते. रोज शंभरेक चेहरे हाताखालून जातात. सगळे एकाच रंगाचे. कधीकधी जेवणाचा डबा उघडावासा वाटत नाही.

गेल्या वर्षी ती मुलगी आली. आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे, ओळखपत्राचा फोटो पाहिजे होता. फोनमध्ये स्वतःच काढून आणला होता, पण फोननं न विचारता तिचा चेहरा गुळगुळीत आणि पांढरा करून ठेवला होता. आम्ही दोघींनी ते बंद करायची खटपट केली, जमलं नाही. शेवटी मी तिला स्टुलावर बसवलं आणि दुकानाच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. मशीनवरचा माणूस जेवायला गेला होता. मी सॉफ्टवेअर बंद केलं, बटणाला हात न लावता फोटो छापला.

तिनं तो उजेडात धरून बघितला.

"डोळ्याखाली काळं दिसायलंय," ती म्हणाली.

"रात्रपाळी असती ना तुला. कमी करू का?"

"नको, असू द्या." तिनं सहा प्रती पाकिटात टाकल्या. "पप्पा विचारत होते तुम्हाला. म्हणाले, त्या ताई अजून तिथंच हायेत का बघ."

"रागावलेत का अजून?"

"नाय. पण माझं लग्न ठरेना म्हणून रोज एकदा तुमचं नाव काढतेत," ती म्हणाली आणि ड्युटीला उशीर होतोय म्हणून रिक्षात बसून गेली.