मायचा होकार

देवाने वर्धा जिल्ह्यात भीती वाटून दिली तेव्हा आमच्या घरमालक काकांनी सगळ्या नालवाडी गावाचा वाटा एकट्याने उचलला असावा. आंजीहून कॉलेजसाठी आले तेव्हापासून मी त्यांच्या मागच्या खोलीत राहते. नोकरी लागली तरी खोली सोडली नाही, कारण असा माणूस दुसरीकडे भाड्याने मिळत नाही. पंखा पडेल म्हणून काका पंख्याखाली झोपत नाहीत आणि ऊन लागेल म्हणून पंख्याशिवायही झोपत नाहीत. मे महिन्यात त्यांची खाट खोलीत अशी तिरपी असते की पाहुण्याला वाटावे, घरात भूकंप होऊन गेला. अनोळखी नंबरचा फोन आला की ते उभे राहतात आणि तो वाजून बंद पडेपर्यंत अदबीने ऐकतात. "उचला ना काका!" "अन् बँकवाला असला त?" "तर काय होते?" "काऊन फोन केला ते सांगन ना तो!" एकदा देवळीला लग्नाला निघाले, गॅस सुरू राहिल्याच्या धास्तीने पहिल्याच थांब्यावर उतरून परत आले. पाहतात तर सिलिंडर आदल्या दिवशीच संपलेले.

अशा माणसावर घर विकायची पाळी आली. घर काका आणि त्यांची माय, दोघांच्या नावावर. माय ऐंशीच्या पुढची, गोड हसणारी, पण डोक्यातले एकेक निसटत गेलेले. लेकाला ओळखते, साल मात्र कुठेतरी मागेच थांबले आहे. काकू गेल्यापासून घरात हे दोघेच. माय दोनदा एकटीच हायवेवर निघून गेली, ट्रकांच्या मधोमध सापडली. काकांची नागपूरची मुलगी म्हणाली, "बाबा, ते विका अन् माह्या शेजारी घर घ्या, दोघं मिळून पाहू आजीले."

पहिले गिऱ्हाईक आले तेव्हा मायने डोक्यावर पदर घेऊन सतरंजी टाकायला लावली. तिला वाटले, तिच्या लेकीसाठी सोयरीक आली. ती लेक, म्हणजे काकांची बहीण, आता स्वतः आजी आहे. गिऱ्हाईक भिंतीला टिचक्या मारून पाहत होते आणि माय विचारत होती, "पोरगा काय करते? वावर किती? आमची पोरगी सावळी आहे, पण कामाले वाघीण!" सगळे हसले. काकांना तेवढा घाम फुटला.

वकिलाने सांगितले होते, मायला समजत नाही म्हणजे आधी कोर्टाकडे जावे लागेल. दलालाने ते उडवून लावले. "कोर्टात गेले त म्हातारे होसान काका. बाई बोलते, हासते. रजिस्ट्रीचा साहेब विचारन राजी आहे काय, ती हो म्हणन, अंगठा लावन. बस." साक्षीदार म्हणून काकांनी मला धरले. "पोरी, तू बी.ए. झालेली. तुह्या सहीले वजन आहे." आमच्या घरात माझ्याआधी सगळे अंगठेच होते, सही करणारी मी पहिली. अंगठा घेणाऱ्यांची घाई मी लहानपणापासून ओळखते. तरी काकांच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणवेना.

रजिस्ट्री कार्यालयाच्या व्हरांड्यात काकांनी मायची तालीम घेतली. "साहेबानं विचारलं का हो म्हणजो." "हो." "घर विकाले राजी आहे?" "हो." काका माझ्याकडे पाहून बळेच हसले. मग त्यांना काय वाटले कोण जाणे. "माय, तू जेवली काय?" "हो." "उपाशी आहे काय?" "हो." आणि मायने माझा हात दाबून समाधानाने सांगितले, "माणसं चांगली हायेत. दिली म्या पोरगी."

काकांना मी रोज भ्यालेले पाहते. असे भ्यालेले कधी पाहिले नव्हते. आतून पुकारा झाला. दलाल म्हणाला, "चला काका, साहेब थांबत नाई."

"नाई होत," काका म्हणाले.

"काऊन?"

"माय पोरगी देऊन राह्यली, अन् मी तिचं घर घेऊन राह्यलो. मले भेव वाटते."

"साठी उलटली, तरी भित्रे ते भित्रेच!"

"हो, भित्राच आहो मी," काका म्हणाले, आणि खाली वाकून मायच्या पायात चपला सरकवू लागले.

गिऱ्हाईक गेले. आता कोर्टात अर्ज आहे, डॉक्टरांची तपासणी आहे, तारखा आहेत. परवा शेजारचे एक गृहस्थ ओट्यावर चहा पिता पिता म्हणाले, "कोर्टात कशाले चपला झिजवता? म्हातारी आज ना उद्या जाईन. मंग वारस म्हणून बहिणीची सही घेतली का झालं मोकळं." काकांनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. भरला होता अजून. गृहस्थ बडबडत निघून गेले तरी काका कप धरून तसेच उभे होते, आणि चहा त्यांच्या बोटांवर सांडत होता.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "हा जे बोलला ना, ते माह्या मनात पह्यलेच येऊन गेलतं. कोर्टाचं काई नाई आता. मले माह्यंच भेव वाटते."

काका आत गेले. माय भुकेली बसली होती. त्यांनी वरणात पोळी चुरायला घेतली, आणि ठसका लागेल या भीतीने ती कितीतरी वेळ बारीक करत राहिले.